आपलं प्लास्टिक समुद्रात जात नाही हो, रानात येतंय

प्लास्टिकचा विषय निघाला की लगेच समुद्रातलं कासव दाखवतात आणि सोलापूरच्या माणसाला वाटतं समुद्र कुठं न् आपण कुठं, कोकणवाले घेतील बघून. अहो पण आपलं पाणी तिकडं जातच नाही. सीना कुडलला भीमेत, भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा पार आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, एवढ्या भिंती ओलांडून आपली कॅरीबॅग समुद्र बघणार कधी? 2021 साली जगभरातल्या नद्यांचा एक अभ्यास आला, वर्षाला 8 ते 27 लाख टन प्लास्टिक नद्यांतून समुद्रात जातं म्हणे, आणि त्यात किनाऱ्याजवळच्या शहरांतल्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा. मग आपण सुटलो का? उलट, आपलं आपल्याकडंच राहतं.

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर सीनाकाठच्या बाभळींना लटकलेल्या चिंध्यांचे फोटो सगळ्यांनी टाकले, पण खरा माल खाली असतो. पाणी मंदावलं की आधी वाळू बसते, मग बारीक चिकणमाती, आणि चिखलानं माखलेली पिशवी जड होऊन तिच्याबरोबरच बसते. टोपण घट्ट असलेली बाटली तरंगत बंधाऱ्याच्या बर्ग्यांपर्यंत, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांपर्यंत जाते, पाणी शिरलं की तीपण तळाला. उघड्यावरच्या प्लास्टिकचा उन्हानं निदान चुरा होतो, गाळाखाली पिशवी वर्षानुवर्षं जशीच्या तशी. 

आता उन्हाळ्यात तोच गाळ आपण ट्रॉल्या भरभरून रानात टाकतो. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, माझा विरोध नाही, मुरमाड रानात गाळ पडला की ज्वारी बघण्यासारखी येते. पण आमच्याकडं वाळलेलं एक ढेकूळ फोडलं तर आत गुटख्याची पुडी, रंगासकट, मल्चिंग पेपरची (वाफ्यावर अंथरतात तो, नावाला पेपर पण प्लास्टिकच) चंदेरी पट्टी आणि ठिबकच्या नळीचा तुकडा. म्हणजे शहराला शिव्या घालायची सोय नाही, अर्धा माल आपल्याच रानातला. त्यावरनं रोटाव्हेटर फिरला की एका पिशवीच्या शंभर चिंध्या, त्या कोण वेचणार, पुढच्या पावसात बांध फुटला की परत ओढ्यात.

मल्चिंगचे बंडल विकणाऱ्यांनी जुना पेपर परत घ्यायलाच पाहिजे, आणि गाळ भरायच्या आधी तलावातच वेचून घेतला पाहिजे, ओला असताना पिशवी अख्खी निघते. आमच्या रानात यंदा ट्रॉली उलटली की आधी दाताळं फिरवायचं ठरवलंय. गडी म्हणतो ह्याची जादा हजेरी लागंल, आणि त्याचं बरोबरच आहे.