वाङ्मय मंडळाचं पान का काढलं: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-साताऱ्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. एका कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचं मराठी विकिपीडियावरचं पान काढून टाकलं, त्याबद्दल. म्हणणं असं: इंटरनेटवर जागेला तोटा नाही, मग पान काढलं कशाला? ऑक्सफर्डच्या मुलांच्या मंडळाला पान चालतं, आपल्याला का नाही? आपलं मंडळ तर ५० वर्षांचं आहे. आणि खेड्यापाड्यातल्या मंडळांवर कोणी लिहीतच नाही, तर पुरावे आणायचे कुठून?

मी कॉलेजात तीन वर्षं अशाच मंडळाच्या कार्यक्रमांना सतरंज्या घातल्यात, आणि आता सवड मिळेल तशी विकिपीडियावर भर घालतो. म्हणून हा मेसेज मनाला लागला. पण शेवटचा मुद्दा सोडला तर त्यातलं काही टिकत नाही.

जागेचं आधी बघू. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, तेव्हा छापील पानांची मर्यादा होती. इथे ती नाही, कबूल. पण पान सांभाळायला माणूस लागतोच. मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. पान लिहिणारा मुलगा पदवी घेऊन पुण्याला जातो आणि ‘यंदाचे पदाधिकारी’ या मथळ्याखाली तीच नावं वर्षानुवर्षं राहतात. मध्येच कोणीतरी गंमत म्हणून मित्राचं नाव घुसडतो. खरं काय, खोटं काय, हे ताडून बघायला बाहेरचा एकही आधार नसतो. उल्लेखनीयतेचा नियम त्यासाठी आहे: ज्या विषयावर संबंध नसलेल्या बाहेरच्यांनी सविस्तर लिहिलंय, त्याचंच पान ठेवायचं.

आता ऑक्सफर्ड. ऑक्सफर्ड युनियन ही तिथल्या विद्यार्थ्यांची वादविवाद सभा १८२३ सालची, पण तिचं पान काही वयावर टिकलेलं नाही. ९ फेब्रुवारी १९३३ ला तिथे ‘हे सभागृह राजा आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही’ असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर झाला. वर्तमानपत्रांनी रान उठवलं, चर्चिल यांनी कडक शब्दांत निषेध केला, आणि इतिहासकार आजही त्या रात्रीबद्दल लिहितात. म्हणजे ज्यांचा मंडळाशी काही संबंध नव्हता, अशांनी सविस्तर लिहून ठेवलं. हीच फूटपट्टी आपल्याकडे लावा. १९४९ ची अभाविप, १९७० ची एसएफआय या विद्यार्थी संघटना: एकीचे समर्थक दुसरीचे कट्टर विरोधक, पण दोघींच्या नोंदीला कोणी हरकत घेत नाही. आणि साताऱ्यातलं बोर्डिंग आठवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली ठेवली, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. ते मंडळ नव्हे, वसतिगृह. तरी विद्यार्थ्यांचं एकत्र राहणं बाहेरच्यांनी दखल घ्यावी एवढं मोठं याच मातीत झालंय. तेव्हा भेदभावाची तक्रार मला पटत नाही.

५० वर्षांचा मुद्दा लहान आहे. नुसत्या वयावर नोंद होत नाही. मंडळातून पुढे आलेला नट किंवा आमदार नावाजला, तर ते त्याच्या पानावर जातं.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो खरा आहे. पान काढलं गेल्यावर त्या मंडळाच्या मुली मला सांगलीच्या विश्रामबागेत भेटल्या. एकीनं वहीत जपून ठेवलेलं कात्रण काढलं: ‘वाङ्मय मंडळाचे उद्घाटन उत्साहात’, चार ओळी. मी विचारलं, ही बातमी कोणी लिहिली? ती म्हणाली, “दादा, आम्हीच प्रेसनोट दिली होती.” तिचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं. त्यांचं काम खोटं नव्हतं, पण ते बघायला बाहेरचं कोणी आलंच नव्हतं.

आमच्या मंडळाचं तर त्याहून वाईट झालं. हस्तलिखित अंक आणि सभांच्या वह्या आमच्या सरांच्या गावभागातल्या घरी ट्रंकेत होत्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली, तर आत चिखलाचा एकच गठ्ठा. शाई धुऊन गेलेली. विकिपीडियावरून काढलेलं पान परत लिहिता येतं. त्या वह्या कुठून आणू?

त्या मुलींना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. संदर्भ इंग्रजीतच हवा किंवा ऑनलाइनच हवा, असं अजिबात नाही. सांगलीच्या वर्तमानपत्रात ४० वर्षांपूर्वी एखाद्या वार्ताहरानं स्वतः येऊन, बघून लिहिलेला लेख धरला जातो. फक्त तारीख आणि पान क्रमांक हवा. असे दोन-तीन सविस्तर लेख सापडले तर पान पुन्हा लिहायला मीच बसेन. तोवर कॉलेजच्या पानावर मंडळाचा एक परिच्छेद संदर्भासह घालता येतो. आणि कपाटातले वार्षिक अंक स्कॅन करून दोन वेगळ्या घरी ठेवा, पैकी एक नदीपासून लांब. त्यांनी पहिला गठ्ठा उतरवलाय, १९७८ पासूनचा. येत्या रविवारी मी स्कॅनर घेऊन जातोय.