जुळवणी नव्हे, भोकं!
लेखात म्हटलंय की घरी डबल साइड पीसीबी (दोन्ही बाजूंना तांब्याचे ट्रॅक असलेला सर्किट बोर्ड) करताना खरी अडचण दोन्ही बाजू जुळवण्याची. भोकांतून दोन्ही बाजूंचे ट्रॅक जोडण्याचं काम मात्र 'वायरचा तुकडा घालून सोल्डर मारा' एवढ्या एका ओळीत उरकलंय. मला हे उलटं वाटतं. ट्रॅकच्या दोन्ही लेझर प्रिंट उजेडात धरून कोपऱ्यातल्या खुणा जुळवायच्या, दोन कडा चिकटवून पाकीट करायचं, त्यात बोर्ड सरकवून इस्त्री फिरवायची, की टोनर तांब्यावर उतरतो. वरच्या बाजूची प्रिंट तेवढी मिरर (आरशातल्यासारखी उलटी) काढायची, खालची नाही. झालं.

खरा त्रास भोकांचा. कारखान्यातल्या बोर्डात भोकाच्या आतून तांब्याचा थर असतो, आपल्या बोर्डात नसतो. म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रॅक असलेल्या पार्टच्या पायाला वरूनही सोल्डर हवंच. पण आयसी सॉकेट (चिप बसवायची खोबण) किंवा उभा कपॅसिटर बसला की वरचा पॅड (भोकाभोवतीचं तांब्याचं कडं) त्याच्या पोटाखाली जातो, सोल्डरिंग आयर्नचं टोक तिथे पोचतच नाही. मी सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमागांसाठी छोटे कंट्रोल बोर्ड करतो. मागाच्या हादऱ्यांत असा अर्धवट सांधा हमखास दगा देतो. म्हणून अशा पार्टचे ट्रॅक मी खालच्याच बाजूने काढतो. बाजू बदलायची तिथे पार्टपासून थोडं दूर वेगळं भोक ठेवायचं, रेझिस्टरचा कापलेला पाय ओवायचा आणि दोन्हीकडून सोल्डर करायचं. हे लेआउट काढतानाच ठरवावं लागतं.

आणि बोर्डावरचं नको असलेलं तांबं काढायला वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका, हे लेखात यायलाच हवं होतं. त्यात विरघळलेलं तांबं असतं.