संदर्भ देताय ना, मग पान नंबरही द्या

गेले तीन रविवार मी विकिडेटावर (विकिपीडियाचीच भावंड, माहिती सुट्या नोंदींत ठेवणारी साईट) आणि मराठी विकिपीडियावर बाकी काही न करता फक्त तारखा तपासत बसलोय, आणि आता राहवत नाही म्हणून लिहितोय. एखाद्या जन्मतारखेखाली "१ संदर्भ" असं दिसतं, बरं वाटतं, उघडून बघावं तर आत काय, "इंग्लिश विकिपीडियावरून आयात". अरे हा संदर्भ कसा होईल? कुठून उचललं ते कळलं फक्त, खरं आहे का ते नाही ना कळलं.

आमच्या गावच्या बारवेचं असंच झालं. कुणीतरी विकिपीडियाच्या लेखात बांधकामाचं साल टाकलं, कशाचाही आधार नाही, मग एका पेपरच्या पुरवणीत तेच साल छापून आलं आणि सहा महिन्यांनी तीच पुरवणी त्या सालाला संदर्भ म्हणून लागली! जर्मनीत २००९ मध्ये गुटेनबर्ग नावाचे मंत्री झाले तेव्हा पण हेच, त्यांच्या लांबलचक नावात कुणीतरी विकिपीडियावर एक जादाचं "विल्हेल्म" घुसवलं, पेपरांनी ते छापलं आणि मग त्याच बातम्या पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. दहा साईटवर एकच वाक्य असेल तर ते दहा पुरावे नसतात, एकच असतो, तोही कधीकधी शून्य.

आता शिवजन्माची तारीख घ्या. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ म्हणजे ६ एप्रिल १६२७ धरायचे, मग जेधे शकावली (जेधे घराण्याकडची, शकवार घटनांची जुनी यादी) पुढे आली, टिळकांनी १९१६ ला ती प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने ती मान्य केली २००१ मध्ये. आणि ही १९ फेब्रुवारी ज्युलियन म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची बरं का, ग्रेगोरियन म्हणजे आपलं आजचं कॅलेंडर धरलं तर १ मार्च येते. म्हणजे नुसता आकडा टाकला तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. विकिडेटात खरं तर सगळी सोय आहे, दोन्ही तारखा आपापल्या संदर्भासकट ठेवता येतात, एकीला प्राधान्य देता येतं, कॅलेंडर कोणतं तेही नोंदवता येतं, पण ते भरायचे कष्ट कोण घेतंय.

माझं म्हणणं एवढंच की जन्म, मृत्यू, स्थापना असल्या तारखांना पुस्तक, आवृत्ती आणि पान नंबर असल्याशिवाय संदर्भ पूर्ण धरूच नये. मूळ नोंद शके किंवा हिजरीत असेल तर ती आहे तशी लिहा, ईसवी सन शेजारी. मूळ पुस्तक स्वतः बघितलं नसेल तर जिथे वाचलं त्याचंच नाव द्या, तिथल्या तळटीपेतलं मोठं नाव उचलून आपल्या नावावर खपवू नका, मला याचा सगळ्यात जास्त राग येतो कारण पुढचा माणूस ते पुस्तक शोधत लायब्ररीत जातो आणि त्यात ते वाक्यच नसतं. आणि वेबपेज असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपेजची प्रत जपून ठेवणारी साईट) लगेच सेव्ह करा, बघितल्याची तारीख टाका, साईटचा पत्ता बदलला की दुवा मेलाच.

नवीन लोकांवर नुसती "संदर्भ हवा" ही खूण चिकटवून निघून जाऊ नका प्लीज, लेखाच्या चर्चा पानावर दोन ओळीत सांगा काय हवंय ते. मला पहिल्यांदा कुणी सांगितलं नव्हतं, माझी चार संपादनं उलटवली गेली आणि मी वर्षभर फिरकलो नाही.

रविवारी सकाळी परत बसतोय, यावेळी गॅझेटियरवरून (जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) किल्ल्यांच्या नोंदी. ज्यांच्या घरी जुने खंड आहेत त्यांनी शीर्षकपान आणि लागणाऱ्या पानाचा फोटो पाठवला तरी पुष्कळ काम होईल, कमेंटमध्ये सांगा.