फोनवरच्या सल्ल्याची फी आणि सरकारचा वाटा

महाराष्ट्रात आरोग्यविम्याचा विषय निघाला की चर्चा पाच लाखांच्या आकड्याभोवती फिरू लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही तिच्यात घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, आणि तेव्हापासून कोणते रुग्णालय योजनेत आहे, कोणती शस्त्रक्रिया यादीत बसते, कोणी वरून पैसे मागितले, यावर वाद होत आले आहेत. हे प्रश्न खरे आहेत. मात्र मेलबर्नमध्ये बसून ही चर्चा वाचताना एक गोष्ट सतत खटकते, ती म्हणजे या योजनेचा मुख्य भर रुग्ण दाखल झाल्यानंतरच्या उपचारांवर आहे. त्याआधीची सगळी वाट, म्हणजे ताप उतरत नाही म्हणून केलेला फोन, रक्तदाबाच्या गोळीबद्दलची शंका, खासगी दवाखान्यातील तपासणीची फी, हे सारे कुटुंबाच्या खिशातूनच भागते.

ऑस्ट्रेलियात सरकारी विम्याची सुरुवात नेमकी या पहिल्या पायरीपासून होते. 1984 पासून चालत आलेल्या मेडिकेअरसाठी बहुतेक करदाते करपात्र उत्पन्नाच्या दोन टक्के लेव्ही, म्हणजे अधिभार, भरतात आणि उरलेला खर्च सर्वसाधारण करांतून येतो. डॉक्टरांच्या प्रत्येक सेवेला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकापुढे सरकार किती रक्कम देणार हे जाहीर तक्त्यात लिहिलेले असते. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे फोन आणि व्हिडिओवरील सल्ल्याचे क्रमांक तात्पुरते म्हणून या तक्त्यात आले आणि जानेवारी 2022 पासून ते कायम झाले. जीपीने, म्हणजे नेहमीच्या सर्वसाधारण डॉक्टरांनी, फोनवर दिलेल्या सहा ते वीस मिनिटांच्या सल्ल्याचा क्रमांक 91891 आहे. 1 जुलै 2025 पासून त्याचा रिबेट 43.90 डॉलर ठरला, आणि दवाखान्यात समोर बसून तेवढाच वेळ घेतला तरी रिबेट तेवढाच मिळतो.

नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचा गोंधळ इथेच होतो. रिबेट म्हणजे डॉक्टरांची फी नव्हे. त्या सेवेपोटी सरकार उचलत असलेला तो वाटा आहे. फी किती लावायची हे डॉक्टर ठरवतात. समजा दवाखान्याने फोनवरच्या सल्ल्याचे 95 डॉलर लावले, तर पूर्ण रक्कम आधी आपल्या कार्डावरून जाते, 43.90 डॉलर मेडिकेअरकडून बँक खात्यात परत येतात आणि उरलेले 51.10 डॉलर, ज्याला इथे सगळे गॅप म्हणतात, ते आपले जातात. डॉक्टरांनी बल्क बिल केले तर मात्र ते रिबेट हीच पूर्ण फी मानतात आणि त्याच सेवेसाठी रुग्णाकडून वर एक पैसाही घेऊ शकत नाहीत. म्हणून फोनची वेळ घेतानाच, बल्क बिल होणार आहे का आणि नसल्यास गॅप किती, असे स्वागतकक्षात विचारून घ्यावे, असे मी नव्या मंडळींना आवर्जून सांगते. हे विचारण्यात संकोचाचे काही नाही. तिथे बसलेल्या व्यक्तीला हा प्रश्न दिवसभर ऐकायची सवय असते.

सरकार फीवर मर्यादा का घालत नाही, याचे उत्तर राज्यघटनेपर्यंत जाते. 1946 च्या सार्वमताने ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारला वैद्यकीय सेवांसाठी लाभ देण्याचा अधिकार मिळाला, पण त्याच कलमात डॉक्टरांवर कोणत्याही प्रकारे सेवेची सक्ती करता येणार नाही अशी अट घातली गेली. त्यामुळे सरकारच्या हाती मुख्यतः प्रोत्साहन उरते. 2013 पासून काही वर्षे रिबेटची वाढ गोठवली गेली आणि जीपींच्या नेहमीच्या तपासणीच्या बाबतीत ही गोठवण 2018 च्या जुलैपर्यंत टिकली. दवाखान्याचे भाडे, परिचारिकांचे पगार आणि विम्याचे हप्ते मात्र वाढतच राहिले. अशा वेळी बल्क बिलिंग सोडून गॅप लावणाऱ्या डॉक्टरांना केवळ लोभी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बल्क बिलिंगचे जादा प्रोत्साहन मुले आणि सवलत कार्डधारक यांच्यापुरते न ठेवता मेडिकेअरला पात्र असलेल्या सर्वांसाठी लागू झाले आहे. हे पाऊल योग्य आहे, पण आधी खिळखिळी झालेली गोष्ट सावरायला ते उचलावे लागले, हे विसरता कामा नये.

ज्या नियमावर आपल्या लोकांचा सर्वाधिक राग असतो, त्याची बाजू मला घ्यायची आहे. जुलै 2020 पासून, काही अपवाद सोडले तर, फोनवरच्या जीपी सल्ल्याचा रिबेट मिळण्यासाठी त्या डॉक्टरांनी किंवा त्यांच्या दवाखान्याने गेल्या बारा महिन्यांत रुग्णाला एकदा तरी समोरासमोर पाहिलेले असावे लागते. घर बदलून नव्या उपनगरात गेलेल्यांना हा नियम जाचक वाटतो, आणि खेड्यात राहणाऱ्यांची अडचण तर खरीच आहे. तरीही कधी न पाहिलेल्या रुग्णाला दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्या ऑनलाइन धंद्याला सार्वजनिक पैशाची वाट या नियमाने बऱ्याच अंशी बंद केली. सार्वजनिक पैसा ओळखीच्या डॉक्टरांकडे वळवणे हे फॅमिली डॉक्टरांच्या हाताखाली वाढलेल्या मराठी माणसाला पटायला जड जाऊ नये. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ऑस्ट्रेलियात असले तरच रिबेट मिळतो, हा दुसरा नियमही लक्षात ठेवावा. दिवाळीला पुण्यात गेल्यावर तिथून मेलबर्नच्या जीपीला फोन केला, तर पूर्ण फी आपली. इथे आलेल्या आईवडिलांचे तर आणखी वेगळे आहे. ऑस्ट्रेलियाचे परस्पर आरोग्यकरार अकरा देशांशी आहेत आणि त्यांत भारत नाही, म्हणून व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर लागू होत नाही. त्यांचा प्रवासविमा घेताना फोनवरचा सल्ला त्यात धरला आहे का, हे आधीच पाहावे.

आता महाराष्ट्राकडे पाहू. मिरजेत राहणारी माझी बहीण साखरेच्या तपासणीचा फोटो रात्री डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर पाठवते, आणि ते दवाखाना आवरता आवरता रात्रीची अर्धी गोळी कमी करायला सांगतात. फी नाही, पावती नाही, आणि डॉक्टरांकडे त्या बदलाची नोंद राहते की नाही हे तिला माहीत नाही. या आपुलकीचे मोल मी जाणते. पण डॉक्टरांचे श्रम विनामोबदला जातात आणि औषधाचा बदल दोन निरोपांत हरवतो, ही व्यवस्था दोघांच्याही हिताची नाही. भारताच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना मार्च 2020 मध्येच आल्या. त्यांनुसार डॉक्टर योग्य फी घेऊ शकतात, पावती देणे आणि नोंद ठेवणे अपेक्षित आहे. फी देणे सर्वांना परवडत नाही म्हणून ई-संजीवनी ही सरकारी ऑनलाइन सल्लासेवा मोफत ठेवली गेली, आणि आरोग्यवर्धिनी केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत दूरच्या डॉक्टरांशी बोलता येणे ही मोठीच सोय आहे. पण पलीकडचे डॉक्टर आपल्याला ओळखणारे असतीलच असे नाही.

खासगी रुग्णालयांचे दर सरकारने ठरवावेत की नाही, हा महाराष्ट्रातील दुसरा वाद. शुश्रूषागृहांच्या 2021 च्या सुधारित नियमांनी दरपत्रक लावणे बंधनकारक केले, पण फोनवरचा किंवा बाह्यरुग्ण विभागातील सल्ला त्या चर्चेत क्वचितच येतो. मला वाटते, जनआरोग्य योजनेत उच्च रक्तदाब आणि मधुमेह या दोनच आजारांपुरता का होईना, नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याचा समावेश करावा. त्याची रक्कम समोरच्या भेटीला आणि फोनला सारखीच जाहीर करावी, आणि जे डॉक्टर ती पूर्ण फी म्हणून स्वीकारतील त्यांनाच योजनेत घ्यावे. रिबेट देऊन फी मोकळी सोडण्याची ऑस्ट्रेलियातील पद्धत मात्र आपण उचलू नये, कारण 51 डॉलरचा गॅप इथल्या नोकरदाराला बोचतो, तर तेवढ्याच प्रमाणातील गॅप मिरजेच्या रोजंदारीवरील बाईला डॉक्टरांपासून दूर ठेवील.

या मांडणीत सर्वांत अवघड भाग पैसे वेळेवर पोचवण्याचा आहे. बल्क बिल केलेली रक्कम इथे साधारणपणे काही दिवसांत दवाखान्याच्या खात्यात जमा होते. महाराष्ट्रात योजनेतील रुग्णालयांच्या थकीत बिलांच्या तक्रारी वारंवार ऐकू येतात. मोठे रुग्णालय काही महिने तग धरू शकेल. पण एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरांना सल्ल्याचे दोनशे रुपये सहा महिन्यांनी मिळणार असतील, तर ते योजनेत येणार नाहीत, आणि आले तरी पुढच्या वर्षी बाहेर पडतील. म्हणून दर किती हे ठरवण्याच्याही आधी, दावा दाखल झाल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतील आणि उशीर झाल्यास व्याज कोण देईल, हे शासन निर्णयात लिहून घ्यायला हवे.