येणे बाकी: चाळीस पैसे

दिवाळी पाडव्याला लोक वहीपूजन करतात ते धंद्यात बरकत यावी म्हणून. आम्ही पाच जण करतो ते भांडायला. गेली तीस वर्षं दर पाडव्याला दुपारी चारच्या सुमारास आम्ही बेळगावच्या वडगावात खजिनदाराच्या घरी जमतो, चटई अंथरतो, मधोमध ती वही ठेवतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि दिवेलागणीपर्यंत एकमेकांची अक्कल काढतो. एरवी गल्लीत मागांच्या खडखडाटात माणसाचे निम्मे शब्द विरून जातात. सणाला माग बंद. त्यामुळं आमचा ताळेबंद सगळ्या गल्लीला पाठ आहे.

वही लाल कापडी बांधणीची, दोनशे पानी. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली ‘बेळगाव’. 1 नोव्हेंबर 2014 ला गावाचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, तेव्हा वहीवरचं काय करायचं यावर एक पाडवा खर्ची पडला होता. खजिनदार म्हणाला, “शाई वाळून वीस वर्षं झाली. आता काय खोडूलास?” विषय संपला.

खजिनदार हे त्याचं नाव नव्हे, पण आता त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याला तेच म्हणते. कॉलेजात असताना पाच जणांचा चहा झाला आणि ह्यानं खिशातून पेन्सिल काढली, तेव्हाच नाव पडलं. दुसरा मेजर. हा सैन्यात कधीच नव्हता. तिसरा वकील. ह्यानं कायद्याचं पुस्तक आतून पाहिलेलं नाही, पण रिक्षावाल्याशी ‘मुळात मीटर म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करतो. चौथा कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची मिठाई. हा रंगानं आणि घडणीनं हुबेहूब तसाच, आटवलेल्या खव्यासारखा. पाचवा मी. मला नाव नाही, कारण वहीत माझ्यासमोर नेहमी ‘दिले’ असंच लिहिलेलं असतं. पैसे वेळेवर देणाऱ्या माणसाबद्दल कुणाला काय आठवणार?

सगळं भांडण पान सातवर आहे. तारीख 14 ऑगस्ट 1994, रविवार. मथळा: गोकाक.

बस, जाऊन-येऊन, पाच जण: 140
चहा: 10
भजी: 15
करदंट: 40
दोरी: 11
इतर: 6
एकूण 222, प्रत्येकी 44.40

आणि खाली तांबड्या शाईत, दोनदा अधोरेखित: ‘कुंदा, येणे 40 पैसे.’

ही सहल तशी आम्ही धबधबा बघायला काढलेली. घटप्रभा तिथं साधारण 170 फूट खाली उडी घेते, पावसाळ्यात पाणी चहासारखं तांबूस होतं, वर झुलता पूल. पण बसस्थानकावर आमची पहिली फजिती झाली. आम्ही मराठी शाळेतले. कन्नड येत नाही असं नाही, वाचता येतं. फक्त एकेक अक्षर जुळवत जावं लागतं आणि जोडाक्षर आलं की बस पुढं निघून जाते. दोन बसा अशा वाचता वाचता गेल्या. तिसरी वाचायच्या आधीच चढलो आणि झोपलो. कंडक्टरनं खांदा हलवला, “गोकाक बंतु, इळीरि,” म्हणजे गोकाक आलं, उतरा, तेव्हा आम्ही गोकाक गावात होतो. धबधबा गावाबाहेर, काही मैलांवर. म्हणून त्या दिवशी करदंट आधी झालं आणि धबधबा नंतर. डिंक, गूळ, खोबरं आणि सुक्या मेव्याचा तो ऐवज एकदा दाताला चिकटला की माणूस अर्धा तास भांडू शकत नाही. तीस वर्षांत आमच्यात शांतता नांदली ती तेवढीच.

आता दोरी. ही दोरी कशाला घेतली?

मेजर म्हणतो, कुंदाला पुलावर गरगरायला लागलं, म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधून मी त्याला पलीकडं नेला. कुंदा म्हणतो, साफ खोटं. माझ्या पँटचं बक्कल तुटलं होतं आणि दोरी मी स्वतः, स्वखुशीनं, पट्टा म्हणून बांधली. यावर वकील विचारतो, मग तो खर्च वैयक्तिक धरायचा का सामायिक? कुंदा लगेच पुलावर येतो. म्हणजे पँटची गोष्ट मागं घेतो आणि गरगरल्याचं कबूल करतो, पण ‘सगळ्यांच्या आग्रहामुळं’. माझ्या आठवणीत पुलाच्या फळ्या सैल होत्या, खाली पाणी गर्जत होतं आणि मी डोळे मिटून चाललो होतो. त्यामुळं माझी साक्ष कुणी धरत नाही.

दोरी निळी, नायलॉनची होती, एवढ्यावर मात्र पाचही जणांचं एकमत आहे. मग ती गेली कुठं, हा पुढचा वाद.

‘इतर’ या नोंदीवर आजवर कुणीही हरकत घेतलेली नाही. वकिलानंसुद्धा.

पान अकरा: ‘केळी, दोन डझन: 18 (मेजर, भरती).’

हे समजायला बेळगावचा असावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आमच्या गावात. आमच्या वेळी शेजारपाजारच्या खेड्यांतला आणि गल्ल्यांतला पोरगा मिसरूड फुटलं की एकदा तरी भरतीच्या रांगेत उभा राहायचाच. आमच्यातून मेजर उभा राहिला. छाती 77 सेंटीमीटर हवी आणि फुगवून पाचनं वाढायला हवी. ती वाढत होती. श्वास कोंडून बोलायला त्याला लहानपणापासूनच आवडतं. पण वजन पन्नास किलो हवं आणि हा भरला साडेअठ्ठेचाळीस. आदल्या रात्री रविवार पेठेतल्या वखारीच्या काट्यावर, गुळाच्या ढेपेशेजारी उभा करून आम्ही स्वतः तोलला होता. दीड किलो कुठून आणायचं? कुणीतरी म्हणालं, केळी. केळी जड असतात. सकाळी सहाला मैदानाबाहेर आम्ही चौघांनी त्याला कडं केलं आणि दोन डझन केळी सोलून हातात देत गेलो. अठराव्या केळ्याला त्यानं आमच्याकडं जसं बघितलं, तसं पुढं त्याच्या लग्नातसुद्धा कुणाकडं बघितलं नाही. वर दोन तांबे पाणी.

वजन आधी आणि पळणं नंतर, असं आम्हाला कुणी सांगितलं होतं, हेही वहीत नाही. असतं तर त्याच्या नावावर नक्की दंड पडला असता. आधी पळणं होतं. एक मैल. मेजर पहिल्या फेरीच्या निम्म्यापर्यंत बरा पळाला. पुढचं मी लिहीत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.

त्या 18 रुपयांवर वकिलानं जो युक्तिवाद केला तो ऐकण्यासारखा होता. म्हणाला, केळी मेजरच्या पोटात गेली खरी, पण राहिली नाहीत. म्हणजे त्याला लाभ झालेला नाही. लाभ नाही तर वैयक्तिक खर्च नाही. सबब तोटा पाचांत वाटावा. खजिनदारानं वाटला. प्रत्येकी 3.60. मेजरनंही 3.60 दिले. वर एक पैसा बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला मेजर म्हणायला लागलो आणि त्यानंही ते बढती मिळाल्यासारखं घेतलं.

मधली पानं भरभर उलटतो. आंबोली, छत्र्या दोन, दोन्ही उलट्या झाल्या. चोर्ला घाट, पंक्चर तीन. कुणाच्या तरी लग्नातले मांडे. ‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार बाकीच्या मराठी मुलखासाठी आहे, आमच्याकडं ते खरोखर ताटात येतात आणि कुंदा एका बैठकीला सहा खातो. मग पाच-सात वर्षं पानं जवळजवळ कोरी. त्या वर्षांत आमची लग्नं झाली, पोरं झाली, दवाखाने झाले. पाडव्याला जमायचो, पण हिशेबाला काही नसायचं. जुनीच पानं काढून भांडायचो.

पान एकशे दोनला टाचणीनं एक प्लास्टिकची पिशवी लावली आहे आणि तीत पाचशेच्या तीन जुन्या नोटा. हा आमचा राखीव निधी. ‘अडीअडचणीला असावा’ म्हणून खजिनदारानं वहीतच ठेवला. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री नोटा बंद झाल्या, 30 डिसेंबरपर्यंत बँकेत भरायची मुदत होती. दीड महिना आमचा खजिनदार, जो ज्या पतसंस्थेत नोकरीला होता तिच्या दारात लोकांच्या रांगा लावून देत होता, त्याला आपल्या वहीत काय आहे ते आठवलं नाही. आठवलं पुढच्या पाडव्याला, वहीला कुंकू लावताना. पिशवी बघून तो असा बसला की वहिनींनी पंखा लावला. कुंदा मात्र त्या दिवशी फार प्रेमानं वागला. त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, “असू दे गा. तुझे पंधराशे आणि माझे चाळीस पैसे. सोडून द्यूया की दोन्ही.”

खजिनदारानं सोडलं नाही.

त्या चाळीस पैशांचं आता खरंच अवघड होऊन बसलंय. कुंदाचं म्हणणं असं, की 2011 च्या 30 जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी सरकारनं बंद केली, तेव्हाच माझं कर्ज माफ झालं; मी चाळीस पैसे कशात देऊ? वकील म्हणतो, पन्नास पैशांचं नाणं अजून चालतं, ते दे. कुंदा खिशातून पन्नास पैसे काढतो. हे नाणं तो दर पाडव्याला घेऊन येतो, बहुतेक त्यासाठीच सांभाळून ठेवलंय. चटईवर ठेवतो आणि म्हणतो, “घे. आणि वरचे दहा पैसे परत दे.”

खजिनदाराकडं दहा पैसे नाहीत. तो सुट्टे नसताना व्यवहार करत नाही. नाणं परत कुंदाच्या खिशात. मी एकदा फोनवरून पाठव म्हणालो, तर त्याच्या फोननं एक रुपयाच्या आत काही घेतलंच नाही. मेजर म्हणाला, “मर्दा, मी देतो रुपया, मिटवा.” तर चौघंही त्याच्या अंगावर धावलो. असं मधूनच कुणी मिटवायचं नसतं.

तसा फोन आमच्या हिशेबाला लाभत नाही. 2023 ला राजहंसगडावर महाराजांचा पुतळा झाला, मार्चमध्ये त्याचं अनावरण आधी एका पक्षानं केलं आणि तीन दिवसांनी दुसऱ्यानं. आम्ही पुढं कधीतरी येळ्ळूरवरनं वर गेलो, धापा टाकत दर्शन घेतलं, खाली येऊन जेवलो. गल्ल्यावर मेजरनं फोन लावला. आपल्याला फोनवरून पैसे देता येतात हे दाखवायला वकिलानंही लावला. बिल दोनदा गेलं. रात्री खजिनदाराच्या लक्षात आलं तेव्हा तो हताश होऊन म्हणाला, “त्या गडावर सगळंच दोनदा हुतंय बघ.”

परवाच्या पाडव्याला नेहमीसारखं पान सात उघडलं. मेजर कुंदाला पुलावर नेत होता, कुंदा जात नव्हता. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी हे नाटक पंचवीस वर्षं आतून ऐकलेलं, पण कधी मध्ये बोलल्या नव्हत्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, “कसली दोरी म्हणता ओ भावजी? निळी?”

आम्ही गप्प.

“लग्न होऊन आले तवापासनं परसात निळ्या दोरीवर कपडे वाळत घालूलोय. ती नव्हं काय?”

पाचही जण परसात. आंब्याच्या खोडापासून न्हाणीच्या खिळ्यापर्यंत ती टांगलेली. उन्हानं निळी कसली, राखाडी झालेली. गाठीपाशी तेवढी जरा निळी. तिच्यावर खजिनदाराची दोन बनियनं आणि एक परकर. वकिलानं गाठ निरखून बघितली, चष्मा वर केला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी कॉलेजपासून पाहिलं नव्हतं.

“सामायिक मालमत्तेचा खासगी वापर,” तो म्हणाला. “पंचवीस वर्षं. भाडं लाव.”

खजिनदाराची कानशिलं लाल. तीस वर्षं आमच्याकडून पैपैचा जाब घेतलेला माणूस. तो मुकाट्यानं चटईवर येऊन बसला, पेन उघडलं. कुंदा त्याच्या कानाशी वाकला. “भाड्यातनं माझे चाळीस पैसे वळते कर आधी. मग बाकीचं बघूया.”

“करा की,” वहिनी म्हणाल्या. त्या चक्क चटईवर बसल्या आणि वही आपल्याकडं ओढली. “मग पंचवीस वर्षांच्या चहाचं पण लिवा. पोहे सोडते, जावा.” वकिलानं तोंड उघडलं आणि मिटलं. वहिनी पान सातवरून बोट खाली खाली नेत होत्या. बस, चहा, भजी, करदंट, दोरी. बोट थांबलं.

“आणि हे ‘इतर, सहा रुपये’ कशाचं ओ?”

मेजर उठून आकाशकंदील सरळ आहे का बघायला गेला. वकिलाला बाहेर कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. कुंदानं फराळाचं ताट पुढं ओढून एकाच वेळी दोन चकल्या तोंडात घातल्या. मी कपाकडं बघत राहिलो. खजिनदारानं, ज्यानं लग्नात शपथेवर सांगितलं होतं की मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्यानं वही मिटली, तिच्यावरचं कुंकू बोटानं पुसलं आणि म्हणाला, “चहा थंड हुतोय. घ्या.”