टास्कबारच हवा होता तर मॅक कशाला घेतला?

मॅकच्या डॉकऐवजी (स्क्रीनच्या तळाशी असणारी आयकॉनची पट्टी) विंडोजसारखा टास्कबार देणाऱ्या यूबार या अ‍ॅपवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार, पण वरचा तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. अहो ट्रॅकपॅड आवडतो, बॅटरी टिकते म्हणून घेतला, डॉकसाठी मॅक घेणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

तुम्ही म्हणता डॉकच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की उघड्या विंडोंची यादी येते, मग वेगळं अ‍ॅप हवंच कशाला. येते ना यादी, पण ती बघायला दरवेळी क्लिक करायचं, वाचायचं, मग निवडायचं. आत्ता माझ्याकडे एक्सेलच्या पाच फायली उघड्या आहेत आणि डॉकवर दिसतंय काय, तर एक हिरवा आयकॉन आणि त्याखाली एक बारका ठिपका, पाच असोत की एक, ठिपका तेवढाच! यूबारमध्ये ग्रुपिंग (एकाच अ‍ॅपच्या विंडो एका आयकॉनखाली गोळा करणं) बंद ठेवलंय, त्यामुळे पाचही नावं कायम डोळ्यासमोर असतात. माझं सगळं भांडण एवढ्यावरूनच आहे.

आणि असली बाहेरची अ‍ॅप मॅकच्या संस्कृतीत बसत नाहीत म्हणे! ड्रॅगथिंग हे डॉकसारखंच काम करणारं बाहेरचं अ‍ॅप १९९५ पासून होतं, मॅकवर डॉक आला तो २००१ मध्ये ओएस टेन या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर, आता बोला. अर्थात २०१९ ला मॅकच्या कॅटलिना या आवृत्तीने जुनी ३२ बिट अ‍ॅप बंद केली त्यात ते बिचारं गेलं, तेव्हा अशा अ‍ॅपवर किती विसंबायचं हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

स्क्रीन रेकॉर्डिंगच्या परवानगीबद्दल मात्र कान पकडतो, ते मूळ लेखात यायलाच हवं होतं. विंडोचे छोटे प्रिव्ह्यू दाखवायला यूबारला ती लागते, दुसऱ्या अ‍ॅपच्या विंडो हाताळायला ॲक्सेसिबिलिटीची वेगळी, आणि ऑफिसच्या मशीनवर या दोन्ही द्यायच्या का हे आयटीवाल्यांना विचारूनच ठरवा. आजच लेखात घालतो.

राहता राहिला डॉक कायमचा काढायचा प्रश्न, तर तो मुळापासून उडवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्या उघड्या विंडो एकत्र दाखवणारं मिशन कंट्रोलही त्याच प्रोसेसवर चालतं. मी ऑटोहाइड (डॉक आपोआप लपवणं) लावून टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, तो परत वर यायचा डिले १००० सेकंद करून टाकलाय, म्हणजे चुकून माउस खाली गेला तरी साहेब काही वर येत नाहीत.