ऐंशी टंच

माझ्या कॉम्प्युटरच्या नव्या एसएमपीएसचं, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पुरवणाऱ्या डब्याचं, बिल नवऱ्याच्या नावावर निघालं आहे. निवडला मी, पैसे माझे, घासाघीस माझी आणि डोकेदुखी तर शंभर टक्के माझी. या व्यवहारात नवऱ्याचं योगदान एवढंच, की २०१८ साली त्याने याच दुकानातून एक पेन ड्राइव्ह घेतला होता आणि तेव्हा घरचा नंबर दिला होता. परवा काउंटरवरच्या पोराने माझ्याकडून नंबर घेतला, टाइप केला आणि पडद्यावर कुंकू आपोआप उमटलं. नाव बदला म्हटलं, तर मालक म्हणाले, "आता जीएसटीचं बिल निघालं की वहिनी. आणि नाव काय, घरातलंच हाय."

घरातलंच आहे, खरंय. पाच वर्षांची वॉरंटी आहे. उद्या काही झालं तर ते बिल घेऊन घरातल्या नावालाच पाठवीन दुकानात. चोवीस पिनची वायर कुठली आणि आठ पिनची कुठली, एवढं सांगून दाखव म्हणावं.

असो. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. जुना कॉम्प्युटर दिराने जोडून दिलेला होता. त्यातला एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फुकट' आला होता. वळवाच्या पावसात लाइट येजा करत होती, तेव्हा तो फुकटवाला गेला आणि एकटा न जाता मदरबोर्डला सोबत घेऊन गेला. ऐन लग्नसराईत. म्हणून या वेळी ठरवलं, आपलं आपण जोडायचं. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, बाकी किडूकमिडूक सगळं घरपोच मागवलं. एसएमपीएस मात्र लेबल डोळ्यांनी वाचून घ्यायचा होता. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ गेला त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण मग एसएमपीएसपर्यंत आपण पोचणारच नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न आला, "मुलगा गेम खेळतो काय?"

म्हटलं, मुलगी आहे, ती भरतनाट्यम शिकते.

मालक जरा गडबडले. "मग साहेबांना फोन लावून देता का? त्यांच्याशी बोलून घेतो."

साहेब त्या वेळी पाटबंधारेच्या मीटिंगमध्ये होते आणि नसते, तरी त्यांनी "तिलाच विचारा" एवढंच सांगितलं असतं. मी म्हटलं, साडेपाचशे वॅटचे दाखवा. मालकांनी खालच्या कप्प्यातून एक खोकं काढलं. ४५० वॅट, आठशे रुपये, पंख्यात रंगीत लाइट. "हाच घ्या वहिनी. दिसायला बी भारी दिसतोय." आता माझ्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला, पत्र्याच्या आड बसतो. तो लाइट फक्त झुरळांना दिसणार.

मी खोकं उलटं करून विचारलं, "बारा व्होल्टला अँपिअर किती?"

"साडेचारशे वॅट हाय की. अँपिअर त्यातच आलं."

या वाक्यावर मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, "का हो ताई, बारालाच का?"

पांढरी टोपी, कपाळाला गंध, मांडीवर कापडी पिशवी. काका हुपरीचे, म्हणजे चांदीच्या गावचे. चांदीचे पैंजण करणारं घर, त्यांच्या दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू व्हायचा, तो दाखवायला आले होते आणि गेला अर्धा तास 'पोरगं चहाला गेलंय' या आश्वासनावर बसले होते. कोल्हापुरात रिकाम्या माणसाला दुसऱ्याची खरेदी म्हणजे खासबागेतली कुस्ती. बघायला तिकीट नाही आणि ओरडायला मनाई नाही.

मी सांगितलं. आत तीन तऱ्हेचा करंट तयार होतो, ३.३ व्होल्टचा, ५ चा आणि १२ चा. हल्लीचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः १२ वरच जगतात. म्हणून लेबलवर बाराच्या खाली जो अँपिअरचा आकडा असतो, त्याला बाराने गुणायचं. जे येईल ते खरे वॅट. खोक्यावरचा मोठा आकडा लग्नपत्रिकेवरच्या मान्यवरांसारखा, छापलाय म्हणून येतीलच असं नाही.

काकांना हे फार आवडलं. "म्हंजे खोक्यावर छाप एक आणि आत माल येगळा. आमच्यात ह्याला मार खात्यात."

मग मालकांनी नाइलाजाने वरच्या कप्प्यातले दोन काढले. दोन्ही साडेपाचशेचे. एकावर '८० प्लस ब्रॉन्झ', दुसऱ्यावर '८० प्लस गोल्ड'. गोल्डवाला दोन हजारांनी महाग.

काका स्टुलावरून उठले.

"गोल्ड? आणि ऐंशी?" त्यांनी चष्मा वर केला. "ताई, ऐंशी टंचाला सोनं म्हणणारा कुठला सोनार म्हणायचा? बावीस कॅरेट म्हंजे एक्याण्णव पॉइंट सहा. तेच्या खाली आमी ढुंकून बघत न्हाई."

मी म्हटलं, काका, हा धातूचा कस नाही. भिंतीतून शंभर वॅट वीज ओढली, तर त्यातली किती कॉम्प्युटरला पोचते, त्याचा हा छाप. पूर्ण भार असो, निम्मा असो की पाचवा हिस्सा, निदान ऐंशी टक्के पोचली पाहिजे, म्हणून ८० प्लस. २००४ पासून चालू आहे हे. त्यावर पायऱ्या. निम्म्या भाराला ब्रॉन्झ ८५ टक्के देतो, गोल्ड ९०. हे आकडे अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवरचे. आपल्या २३० ला थोडे जास्तच येतात.

"म्हंजे शंभर घातलं तर पंच्याऐंशी हातात. पंधरा घट."

मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम करते, या विषयावर रात्र-रात्र वाचलंय, पण 'घट' इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता.

"घट जाती कुठं?"

"उष्णता होते. पंखा ती बाहेर फेकतो."

"आमची घट वाया जात न्हाई. दुकानातली धूळ झाडली, तर ती बी चांदीच्या कणांसाठी झारेकरी इकत घेतोय. ही घट परत मिळती काय?"

"थंडीत पाय शेकता येतील."

काका गंभीरपणे विचार करू लागले. मग त्यांच्या ध्यानात भलतंच काही आलं. "ब्रॉन्झ हाय, गोल्ड हाय. वर काय?"

"प्लॅटिनम, टायटॅनियम."

"आणि चांदी?"

इथे माझी पंचाईत झाली. सिल्व्हर नावाची पायरी आहे. पण कागदावर. बाजारात सिल्व्हरचा एसएमपीएस बघायला मिळणं कठीण. कंपन्या ब्रॉन्झवरून थेट गोल्डवर उडी मारतात. हे मी शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"म्हंजे हुपरीच वगळली!" काकांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "पितळ-काशाला मान हाय, पलॅटिनमला मान हाय, आणि चांदीच तेवढी नगं? कोण बसलंय ह्ये ठरवायला?"

मालक घाईघाईने म्हणाले, "काका, मागवून देतो सिल्व्हर." ते मागवून देणार नव्हते. त्यांना एसएमपीएसमधलं जितकं कळत होतं तितकंच चांदीतलं, पण 'मागवून देतो' हे वाक्य राजारामपुरीतलं कुठलंही वादळ शमवतं.

काकांनी मग पिशवीतून एक छोटा डिजिटल काटा काढला आणि आठशे रुपयांवाला एसएमपीएस त्यावर ठेवला. काटा पाचशे ग्रॅमपर्यंतचा. त्याने 'ई' दाखवून हात टेकले. काकांनी मग एका तळहातावर हा आणि दुसऱ्यावर ब्रॉन्झवाला घेऊन डोळे मिटले. दुकानातली तीन गिऱ्हाइकं, मालक आणि चहाहून परतलेलं पोरगं, सगळे श्वास धरून उभे. "ह्यात मालच न्हाई," काका म्हणाले. "पोकळ बांगडी हाय." नुसत्या वजनावर एसएमपीएस जोखणं शास्त्राला धरून नाही, हे मला माहीत आहे. पण त्या पोकळ बांगडीच्या जाळीतून आत बघितलं, तर उष्णता शोषणारे पत्रे नखाएवढे होते आणि व्होल्टेज चढलं तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवायची सोय त्यात असण्याची मला काडीची आशा नव्हती. माझ्या मदरबोर्डचा मारेकरी याच कुळातला.

"आता गोल्ड का ब्रॉन्झ?" काका. "मजुरी किती फरक?"

"दोन हजार."

"आणि घटीत वाचतं किती?"

बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर आम्ही मांडलं. माझं मशीन दम लागेपर्यंत चालवलं तर अडीचशे वॅटच्या आसपास खातं. ब्रॉन्झला भिंतीतून २९४ ओढावे लागतील, गोल्डला २७८. फरक १६ वॅट. रोज आठ तास तसंच दामटलं तरी वर्षाला ४६-४७ युनिट. दहा रुपये युनिट धरा, पावणेपाचशेच्या आत.

"म्हंजे मजुरी फिटायला चार वर्सांच्या वर. ताई, ब्रॉन्झ घ्या." मग जरा थांबून, "आणि ब्रॉन्झ म्हंजे कासंच की. काशाच्या वाटीनं तळपाय घासलं की अंगातली उष्णता उतरती. ह्यो बी गारच राहणार बगा."

पहिलं वाक्य हिशेबाने अगदी बरोबर होतं. दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

खरं तर इथवर मजाच होती. पण या सगळ्यात एक गोष्ट चालू होती, ती मला जिन्यावरून उतरताना कळली आणि मग पोटात गेली. मी जे काकांना सांगत होते, ते मालक पुन्हा काकांना सांगत होते. आणि काकांनी मान डोलावली, की तेच मालक मला समजावत होते. "बघा वहिनी, बाराचं अँपिअर बघायचं असतंय." पाच मिनिटांपूर्वी 'अँपिअर त्यातच आलं' म्हणणारा माणूस! काकांना एसएमपीएस म्हणजे काय हे त्या दिवशी सकाळपर्यंत माहीत नव्हतं, ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही होतं. तरी निर्णय त्यांच्या तोंडून आल्यावरच खोक्याला पिशवी मिळाली. मी पुरुषाचा आवाज काढून फोनवर ऑर्डर दिली असती, तर गाडी लावायचा त्रासही वाचला असता. शिवाय निघताना पोराने विचारलं, "मॅडम, जोडायला माणूस पाठवू काय? साहेबांना वेळ नसंल तर."

घरी आले तर सासूबाईंनी खोक्यावरचा आकडा वाचला. "साडेपाचशे वॅट? दिवसभर चालणार म्हणजे लाइट बिल काय येईल गं?" त्यांना सांगितलं, एसएमपीएस साडेपाचशे देऊ शकतो, ओढतो मात्र कॉम्प्युटर मागेल तेवढंच. ग्राफिक कार्ड स्वतः ११५ वॅटचं. पण ते क्षणभर उसळी मारतं, शिवाय बाकी सगळं धरून कार्डाची कंपनीच साडेपाचशेचा घ्या म्हणते. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ताकद आहे, पण गरजेपुरतीच दाखवतो." आणि माझ्या नवऱ्याकडे बघून आत गेल्या. नेमकं काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

रात्री जोडलं. आठ पिनची वायर बोर्डाच्या मागून वळवून आणताना हात सोलले, पण पोचली. चालू झालं. पंख्याचा आवाजही नाही. नवरा येऊन म्हणाला, "अरे वा, चालला की!" यातला 'की' मला खुपला, पण एका दिवसात किती भांडणार.

आज दुपारी अल्बमची पानं लावत होते, तर फोन वाजला. हुपरीचे काका. निघताना नंबर मागून घेतला होता त्यांनी.

"ताई, दुकानातनंच बोलालोय. आमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला ह्यो तोच साडेचारशेचा द्यालाय. मी पाठीमागं वाचलं. बाराच्या खाली सोळा लिवलंय. बारा सोळं एकशे ब्याण्णव. साडेचारशेत एकशे ब्याण्णव म्हंजे बेचाळीस टंच! बाकीचा माल कुठाय म्हटलं तर हसालाय."

त्यांच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला शंभर वॅटही पुष्कळ झाले असते, हे मला माहीत होतं. सांगणारही होते. पण मागून मालकांचा आवाज आला, "काका, वहिनींचं काय ऐकताय, त्या अल्बम करत्यात."

मी म्हटलं, "काका, फोन स्पीकरवर टाका."